केशिनीचा डावा हात

माझ्या नावाचा एक दोष जगात प्रसिद्ध आहे. जगात म्हणजे 'तारकादुर्ग' या चित्रपटमालिकेच्या फिगर्स जमवणाऱ्या पाच-सहाशे माणसांत. पण आमच्यासाठी तेवढंच जग. त्यांच्या यादीत 'सारथी केशिनी' या फिगरखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : हंचाटे प्रकार, डावा हात वर, ज्ञात नग एक. तो हंचाटे मी. उमाकांत हंचाटे, मुक्काम सोलापूर, वय सहासष्ट, टॉवेलच्या कारखान्यातला निवृत्त तपासनीस.

म्हातारा बाहुल्या जमवतो म्हणून हसायचं असेल तर हसा. माझी बायको शैलजाही त्यांना बाहुल्याच म्हणायची आणि मी दर वेळी चिडायचो. वीतभर उंचीच्या, सांध्यासांध्यांत वळणाऱ्या, चेहऱ्यावरचा तीळसुद्धा नटाच्या तिळाबरहुकूम रंगवलेल्या त्या फिगर्सना बाहुली म्हणणं मला सहन व्हायचं नाही. पाच चित्रपट, चोवीस फिगर्स. माझ्या काचेच्या कपाटात तेवीस आहेत, सगळ्या मूळ खोक्यात, एकही न उघडलेली. जमवणाऱ्यांचा पहिला नियमच तो. खोकं उघडलं की ती फिगर मेली.

त्या तेवीस मिळवताना माझी अर्धी हयात गेली आणि सगळा संताप त्यांच्यापायी खर्च झाला. कंपनी नायकाच्या फिगर्स ट्रक भरून काढायची आणि बाकीच्यांच्या मूठभर. सकाळी दहाला विक्री सुरू व्हायची. दहाला 'उपलब्ध', दहा वाजून एक मिनिटाने 'संपले' आणि दहा वाजून पाच मिनिटांनी तीच फिगर कुणातरी दलालाकडे चौपट भावाने हजर. आम्ही त्या दलालांना शिव्या घालायचो आणि निमूटपणे त्यांच्याकडूनच घ्यायचो. चोविसावी, इंदुवेला, मला कधीच मिळाली नाही. यानावरची माळीण ती. तिसऱ्या चित्रपटात झाडांना पाणी घालताना दोन मिनिटं दिसते आणि मरते. माळीण कोण विकत घेणार, असं वाटून कंपनीने तिचे चारशेच नग काढले. पुढे तिची किंमत एवढी चढली की तिच्या बदल्यात सोलापुरात छोटं घर आलं असतं.

यान चालवणाऱ्या केशिनीचं मात्र नशीब होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा तिच्यात विशेष असं काही दिसलं नव्हतं. तीन वर्षांनी, जूनमधल्या एका बुधवारी, कारखान्यातून आल्यावर मी नेहमीप्रमाणे मऊ ब्रशने खोक्यांवरची धूळ झटकत होतो आणि एकदम थबकलो. खोक्याच्या पारदर्शक खिडकीतून केशिनीचा डावा हात वर दिसत होता. सगळ्या केशिन्यांचे दोन्ही हात खाली असतात. आधी मला स्वतःचीच लाज वाटली. दहा फुटांवरून टॉवेलातला सुटलेला धागा हेरणारा माणूस मी, आणि हे तीन वर्षं माझ्या नजरेतून सुटलं कसं? मग कळलं की हा कारखान्यातला दोष आहे, आणि असे दोष लाखात एक. "शैला, हे बघ, कंपनीने चूक केलीय!" असं मी अक्षरशः ओरडलो. ती कणकेने भरलेले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हसत होती. मला वाटलं, माझा आनंद बघून हसतेय. मी तासभर तिला लाखात एकचा अर्थ समजावला, पाचपन्नास जणांना फोटो पाठवले आणि रविवारी सुतार बोलावून कपाटाला कुलूप बसवून घेतलं. किल्ली माझ्या पाकिटात. आमची गिरिजा तेव्हा नऊ वर्षांची होती. पोरांचा काय भरवसा!

शैलजाला जाऊन चार वर्षं झाली. गिरिजा कोइमतूरला असते, तिथे एका शाळेत सकाळच्या पाळीत शिकवते. आई गेल्यावर तिने मला तीनदा बोलावलं. "अप्पा, एकटे राहू नका, या इकडे." मी म्हणायचो, इंदुवेला मिळू दे, संच पुरा होऊ दे, मग येतो, आत्ता हे कपाट हलवायचं कसं? गेलं वर्षभर तिने विचारलेलं नाही. रविवारी अकराला फोन येतो. गोळ्या घेतल्या का, घेतल्या. जेवलात का, जेवलो. दोन-तीन मिनिटांत संपतो. मग सोमवारपासून मी पुढच्या रविवारची वाट बघतो. कुणाला सांगितलं नाही, पण बघतो.

मधल्या काळात जमवणाऱ्यांच्या जगावर संक्रांत आली. घरोघरी ठशांची यंत्रं आली, आणि ती एवढी सुधारली की कुठल्याही फिगरची हुबेहूब नक्कल अर्ध्या तासात टेबलावर पडू लागली, खोक्यासकट, खोक्यावरच्या ओरखड्यासकट. अस्सल कुठली आणि नक्कल कुठली हे नुसत्या डोळ्यांना सांगता येईना. इंदुवेला भाजीसारखी स्वस्त झाली, पण ती घेऊन समाधान कुणालाच होईना. मग वळणवाचक आला.

त्याचा शोध फिगर्ससाठी लागलेला नाही. कृत्रिम गुडघे बसवणाऱ्या डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं की रुग्ण घरी गेल्यावर खरंच चालतो की नुसतं चालतो म्हणून सांगतो. प्लास्टिक म्हणजे रेणूंचे लांबच लांब धागे, एकमेकांत गुंतलेले. सांधा वळवला की हे धागे एकमेकांवरून सरकतात, आणि सांधा परत जागेवर आणला तरी सगळे धागे परतत नाहीत. मध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात, केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या. प्लास्टिक गरम असताना वळवलं तर पोकळी गोलसर होते, थंड असताना चिरेसारखी. झटक्याने वळवलं तर तिची दिशा वेगळी, सावकाश वळवलं तर वेगळी. प्रत्येक नवं वळण जुन्यावर चढतं आणि जुनं खाली दाबलं जातं. मला हे ऐकताक्षणी पटलं, कारण टॉवेलची घडी कितीदा उलगडली हे मीही धाग्यावरून सांगायचो. पुठ्ठ्यातून आरपार जाणारे विशिष्ट किरण सोडून वळणवाचक या पोकळ्या मोजतो, त्यांचा क्रम लावतो आणि सांध्याचा सगळा इतिहास कागदावर मांडतो. नकलेला इतिहास नसतो. जुन्या, न उघडलेल्या फिगरला असते फक्त वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्या-हिवाळ्यांची शांत नोंद आणि वळणांच्या रकान्यात शून्य. अशा फिगरला 'अस्पर्श' असं प्रमाणपत्र मिळू लागलं आणि आमच्यासारख्यांचे दिवस पालटले.

प्रमाणपत्रांचं खूळ सुरू झाल्यावर महिन्याभरातच हेरंब तळवलकरांचा फोन आला. ठाण्याचे निवृत्त दंतवैद्य. आमची वीस वर्षांची ओळख, त्यात भेटी तीन.

"हंचाटे, माझ्याकडे अस्पर्श इंदुवेला आहे," ते म्हणाले. "तुमची केशिनी द्या, ती घ्या. पण केशिनीचं प्रमाणपत्र पाहिजे. हात वर असलेली जगात एकच, आणि ती अस्पर्श! मी मरायच्या आधी मला ती हवी."

केशिनी गेल्यावर तेवीसच उरल्या असत्या, पण मी त्याची सोय करून ठेवली होती. हात खाली असलेली साधी केशिनी दलालांकडे केव्हाही मिळते. म्हणजे चोवीसच्या चोवीस. संच पुरा. मग कोइमतूर. गिरिजाला काय आणि कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली.

सोलापुरात वळणवाचक आमच्या जुन्या वस्त्रचाचणी प्रयोगशाळेतच बसवलाय. तिथल्या पटवेकर मॅडम वीस वर्षं माझ्या टॉवेलांचा रंग जातो का ते तपासायच्या. मला बघून त्या म्हणाल्या, "हंचाटेसाहेब! आज टॉवेल नाही, पाहुणी आणलीय वाटतं." खोकं त्यांनी जपून आत ठेवलं. मी बाकावर बसलो. पाऊण तासाने त्यांनी मला आत बोलावलं.

"बसा, साहेब."

"बसतो. प्रमाणपत्र कधी मिळेल?"

"हा कंपनीचा दोष नाहीये." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हा हात कुणीतरी वर केलाय. आणि त्याच्या आधी खालीवर, खालीवर, साधारण नऊ हजार तीनशे वेळा."

मी हसलो. "तुमचं यंत्र बिघडलंय."

"परवाच तपासलंय ते. हे बघा की तुम्हीच." पडद्यावर तीन दाट पट्टे होते, मध्ये मोकळी जागा. "एकूणएक वळणं सदतीस ते एक्केचाळीस अंश तापमानातली. हिवाळ्यातलं एक नाही, पावसाळ्यातलं एक नाही. तीन झुबके, वर्ष-वर्षाच्या अंतराने. म्हणजे लागोपाठ तीन उन्हाळे. आणि एवढी गरमी घरात म्हणजे दुपारच."

मी पडद्यावरचे पट्टे पुन्हा मोजले.

"वळवणारे हात दोन आहेत," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या. "एक हलका, भरभर चालणारा. दुसरा जड, सावकाश. बहुतेक सगळी वळणं हलक्या हाताची. पण शेवटचं वळण जड हाताचं आहे. त्याने हात वर केला, तो वरच राहिला." मग त्यांनी खोकं उलटं करून तळाची पट्टी दाखवली. "आणि हे बघा. हा कंपनीचा गोंद नाही. मैद्याची खळ आहे, त्यात चिमूटभर मोरचूद."

शैलजाच्या माहेरी वह्या-पुस्तकं बांधायचा धंदा होता. कसर लागू नये म्हणून मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात हे मला तिच्याकडूनच कळलं होतं. आमच्या घरात दिवाळीच्या आकाशकंदिलापासून गिरिजाच्या वह्यांच्या कव्हरांपर्यंत सगळं त्याच खळीने चिकटायचं.

मी खोकं पिशवीत घातलं आणि रिक्षाने घरी आलो. वाटेत मला शैलजाचा भयंकर राग आला. चार वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा राग रिक्षात बसून आला, हे मी कबूल करतो. माझी वस्तू, मी पोटाला चिमटा काढून घेतलेली, मी कामावर गेलो की उघडायची, पोरीच्या हातात द्यायची, मी यायच्या आत परत चिकटवायची! तीन उन्हाळे! आणि तोंडाने एक शब्द नाही!

तळवलकरांना फोन करून खरं ते सांगितलं. ते माझ्यापेक्षा जास्त चिडले. "अहो, वीस वर्षं आम्ही हंचाटे प्रकार, हंचाटे प्रकार करत नाचतोय, आणि तुमच्या घरात पोरखेळ चाललेला! विषय संपला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसून राहिलो. कोइमतूरसाठी जुळवलेली वाक्यं आता कशाच्या जोरावर बोलायची, ते कळेना.

तिसऱ्या दिवशी तळवलकरांचाच फोन आला. आवाज अगदी उतरलेला.

"हंचाटे, इंदुवेला पाठवतो. तुमची केशिनी पाठवा."

"प्रमाणपत्र मिळणार नाही, सांगितलं ना तुम्हाला."

"नको ते प्रमाणपत्र. माझ्याकडच्या सगळ्या मालिकांच्या मिळून एकशे चाळीस फिगर्स मी आधीच तपासून घेतल्यात. सगळ्या अस्पर्श. काल ते कागद समोर पसरून बसलो होतो. एकशे चाळीस शून्यं आहेत, हंचाटे. माझ्या घरात कधी कुणी काही हलवलंच नाही. एक तरी अशी असू दे."

त्यांची कीव आली खरी, पण त्याहून जास्त आनंद झाला. मी लगेच हो म्हटलं. रविवारी सकाळी थर्माकोल, चिकटपट्टी, जाड पुठ्ठा असं सगळं घेऊन बसलो आणि केशिनीला पार्सलात घालणार तोच अकरा वाजले. गिरिजाचा फोन.

"गोळ्या घेतल्या का, अप्पा?"

"घेतल्या. गिरिजा, तुला एक विचारायचंय. तू लहान असताना केशिनीचं खोकं उघडायचीस?"



"कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"यंत्राने सांगितलं. नऊ हजार तीनशे वेळा हात वळवलाय. आता ओरडत नाही मी. नुसतं विचारतोय."

"नऊ हजार!" ती हसली. तिचं असं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. "आई इस्त्रीच्या वाफेने खालची पट्टी सोडवायची. सुट्टीत, तुम्ही कारखान्यात गेलात की. मी केशिनी चालवायची आणि आई तिचं यान व्हायची. आडवी पडायची फरशीवर आणि म्हणायची, बसा सारथीबाई, सोलापूर ते शनी. साडेचारला सगळं परत खोक्यात. पडदे ओढून खळ वाळवायची पंख्याखाली. आम्हाला इतकं हसू यायचं, अप्पा, तुम्ही आलात की आम्ही एकमेकींकडे बघायचोच नाही."

मी खोक्याकडे बघत होतो. माझ्याच घरातल्या या दुपारी मला पहिल्यांदा भेटत होत्या.

"आणि हात वर कसा राहिला?" मी विचारलं. "विसरलात का तुम्ही शेवटच्या दिवशी?"

"विसरलो नाही." तिचा आवाज बदलला. "सुट्टी संपत आली होती. आईने मुद्दाम ठेवला तसा. मी म्हटलं, आई, अप्पा ओरडतील. ती म्हणाली, ओरडू दे की, निदान बघतील तरी. त्यांच्या लक्षात आलं की सगळं सांगून टाकू, मग पुढच्या सुट्टीत त्यांनाही घेऊ खेळायला. सारथी तू, यान मी, आणि अप्पांना काय करायचं ते अप्पांनाच विचारू."

"मग?"

"मग काय? तुमच्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी आलं. मी पलंगाखाली लपले होते. तुम्ही ओरडलात, आई कणकेचे हात घेऊन तशीच धावत आली, सांगायलाच आली होती ती. पण तुम्ही एवढे खूश झालात, कंपनीने चूक केलीय म्हणालात. लोकांना फोटो पाठवत बसलात. मी आईला म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, राहू दे गं, किती दिवसांनी आनंद झालाय त्यांना. रविवारी तुम्ही कुलूप लावलंत."

शैलजाने मला हात केला होता. तो मी पाहिला, त्याला स्वतःचं नाव दिलं आणि कुलूप घातलं.

"अप्पा? आहात ना?"

"आहे. गिरिजा, मी येऊ का तुझ्याकडे?"

ती पटकन हो म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं असंही मला वाटलं नाही.

"इंदुवेला मिळाली का तुमची?" तिने विचारलं.

"नाही. आता नाही मिळायची."

"सुट्टीत या," ती म्हणाली. "दुपारी मी घरीच असते. पण केशिनीला आणा. खोक्यातून नको."

फोन ठेवला. तळवलकरांना निरोप लिहिला की केशिनी देता येणार नाही, पण ठाण्याला येऊन एकदा तुमच्या घरातली एखादी फिगर उघडून देईन, तुम्हाला एकट्याला धीर होत नसेल तर. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेलो आणि पाण्याचं बोट लावून खोक्याच्या तळाची पट्टी भिजवली. तेवीस वर्षांची खळ, तरी हळूहळू सुटली. कमरेचा तारेचा वेढा काढला आणि केशिनीला बाहेर घेतलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फार हलकी होती. डाव्या हाताला मात्र मी बोट लावलं नाही. तो खाली केला असता तर शैलजाचं वळण शेवटचं राहिलं नसतं.

केशिनीला ओट्यावर ठेवलं, कणीक मळायची परात असायची तिथे. मी चार पावलं मागे सरलो, दारात उभा राहिलो. घरात दुसरं कुणी नव्हतं, हसायलाही कुणी नव्हतं. मी माझा डावा हात वर केला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.